सूर शिकलेली जाळी

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी सहा वाजता माझा धाकटा भाऊ भैरू नगारखान्याच्या पायऱ्या चढला आणि मी मनातल्या मनात डॉक्टरांना हसलो. चाळीस दिवस पोटावर जोर नको, असं बजावणाऱ्यांना काय ठाऊक, की गुरवांच्या घरात श्वास कसा राखतात! मी तळगावच्या हायस्कूलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं रोज सकाळी अंबाबाईपुढे सनई वाजवली. त्यामुळे विज्ञानातलं आणि श्वासातलं आपल्याला इतरांपेक्षा जरा जास्तच कळतं, असा माझा समज होता. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याचं पार पाणी झालं.

सनईच्या जोडीत दोघं असतात, हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. एक सनई वाजवतो, तो मी. दुसरा तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पण एकच स्वर देणाऱ्या वाद्यात फुंकत बसतो. त्या वाद्यालाच सूर म्हणतात. सनईवाला ताना घेतो, थांबतो, घाम पुसतो, वाहवा घेतो. सूरवाल्याने थांबायचं नसतं. तोंडाने फुंक चालू ठेवून नाकाने श्वास ओढायचा, तेवढा वेळ गालात साठवलेली हवा सोडायची, आणि स्वर कुठेही तुटू द्यायचा नाही. भैरू असा तास दीड तास बसतो. त्याचं नाव पत्रिकेत कधी छापलं जात नाही. ते छापावं असं मलाही कधी वाटलं नाही, हे इथेच सांगून टाकतो.

या फुंकण्याचा सगळा भार पोटाच्या भिंतीवर येतो. भैरूचं अपेंडिक्स काढलं तेव्हाची शिवण आतून उसवली आणि तिथून आतडं कातडीखाली डोकवायला लागलं. हर्निया. दोनदा साधी जाळी बसवली. ही जाळी म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांचं ठिगळ. पोटाचं मांस तिच्यात रुजतं आणि भोक बुजतं. पण पोटाची भिंत जिवंत असते. खोकला येण्याआधीच ती आवळते, हसताना सैल होते. ठिगळाला यातलं काही येत नाही. ते एका जागी ताठ बसतं आणि कडेचं मांस ओढून ओढून फाटतं. भैरूचं दोन्ही वेळा तसंच फाटलं.

तिसऱ्या वेळी मिरजेच्या एका रुग्णालयात सजग जाळी बसवली. तिचे धागे स्नायूंसारखे आखडतात आणि सैल होतात, आणि मधे ज्वारीच्या दाण्याएवढा एक मेंदू असतो. पोटाच्या हालचालीवरच तो चालतो, त्याला सेल लागत नाही. पहिले चाळीस दिवस जाळी नुसती ऐकते. या माणसाच्या पोटाला निवांतपणी किती ताण असतो, ते शिकते. खोकला, शिंक, ठसका असले क्षणाचे झटके ती सोडून देते. दहा मिनिटांपेक्षा जास्त टिकलेला सगळ्यांत मोठा ताण मात्र ती त्या माणसाचा नेहमीचा ताण म्हणून धरते. चाळीस दिवसांनी ती जागी होते आणि तेवढा ताण कायम राखते. स्नायू कमी पडले की स्वतः आखडून भरून काढते, स्नायू ओढायला लागले की सैल होते. कल्पना झकास होती. ती ऐकून मी डॉक्टरांना शाबासकीसुद्धा दिली होती.

त्या सकाळी भैरूचा सूर लागला तो असा, की माझ्या अंगावर काटा आला. पाऊण तास वाजवलं. खाली देवस्थान ट्रस्टचे अध्यक्षही उभे होते. चाळीस दिवस त्यांनी सुरासाठी एक यंत्र लावलं होतं. यंत्राला ना दम लागत, ना ताप येत. भैरू वेळेत परतला नाही तर तेच कायम ठेवू, असं त्यांनी मला ऐकवलं होतं. मी त्यांच्याकडे बघत मुद्दाम एक लांबलचक तान घेतली आणि थांबलो.

भैरूने सूर मांडीवर ठेवला. "दादा, लई हलकं वाटतंय बघ. कुणीतरी आतनं धरल्यागत."

"मग! उगंच बोंबलत हुतास चाळीस दिवस."

तो हसला. मी सनईची पत्ती पुसत होतो. दोनेक मिनिटं गेली असतील.

"दादा," तो म्हणाला, "आवळतंय."

"काय आवळतंय?"

त्याला श्वास घेता येत नव्हता. छाती वर जात होती, पण पोट जागचं हलत नव्हतं. मी हात लावून पाहिला तर पोट पाट्यासारखं कडक. त्याचे ओठ काळवंडायला लागले. खालून कुणीतरी पाणी आणायला धावलं. आणि भैरूने, इतक्या वर्षांच्या सवयीनेच म्हणा, सूर उचलून तोंडाला लावला आणि फुंकला.

मिनिटाभरात त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. पोट हाताखाली पुन्हा हलायला लागलं. त्याने सूर तोंडातून काढला. "फुंकलं की सुटतंय," एवढंच बोलला. थोड्याच वेळात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने सूर तोंडाला लावला तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं होतं, की आता त्याला थांबता येणार नाही.

हे कशामुळे झालं तेही मला तिथेच, नगारखान्यात उभ्या उभ्या कळलं. पण मी ते कुणाला सांगितलं नाही.

आमच्या घरात सूर शिकवतात तो घागरीवर. तांब्याची घागर गळ्यापर्यंत भरायची, तिच्यात तळापर्यंत वेळूची नळी सोडायची आणि फुंकत बसायचं. पाण्याचा बुडबुड आवाज तुटला नाही पाहिजे. आमची आई स्वयंपाकघरात भाकरी थापत कान देऊन असायची. आवाज तुटला की आतून हाक यायची आणि पहिल्यापासून सुरुवात. हे सूरवाल्याने रोज करायचं असतं. आठ दिवस सोडलं तर दम जातो, असं आमच्यात मानतात.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी मी ती घागर भैरूच्या खाटेशी नेऊन ठेवली होती. तो नको म्हणाला. मी म्हणालो, "सूर वाजवू नको म्हणालेत. पाण्यात फुंकू नको असं कुठं लिवलंय?" मुलांनी प्रश्नाचा असला अर्थ काढला असता तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं. भैरूने आयुष्यात मला कधी उलट उत्तर दिलं नाही. तो पडल्या पडल्या रोज सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन तास फुंकत राहिला. त्याची बायको सुगंधा शेतावर जायची, तिला आम्ही पत्ता लागू दिला नाही. आणि आत ती जाळी ऐकत होती. घागर चाळीस सेंटिमीटर खोल. तेवढं पाणी हटवायला जो ताण लागतो, तोच या माणसाचा नेहमीचा ताण, असं ती शिकत होती. साध्या माणसाचा आठ सेंटिमीटर असतो. आणि आम्ही वाजवत होतो तेव्हाच तिचे चाळीस दिवस भरले होते.

रुग्णगाडी चालकाशिवाय आपोआप धावणारी होती. मागे एक परिचारक, मी, सुगंधा आणि मधे बसून फुंकणारा भैरू. गाडीतून अखंड सूर बाहेर पडत होता, आणि वरात असेल म्हणून लोक हसत बाजूला होत होते. एका म्हातारीने तर हात जोडले. सुगंधाने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

"भावजी, तुमी मास्तर हाय. ह्ये काय झालंय?"

"डॉक्टर बघतील," मी म्हणालो. त्या क्षणी मला माझी जितकी लाज वाटली तितकी आधी कधी वाटली नव्हती.

डॉक्टर होत्या आयेशा मुजावर. माझीच विद्यार्थिनी. नववीत असताना हिने प्रयोगवहीतलं खरं निरीक्षण खोडून पुस्तकातलं उत्तर लिहिलं होतं, म्हणून मी तिला भर वर्गात शून्य दिलं होतं. जे दिसलं ते लिही, म्हणालो होतो. ते ती विसरली नव्हती; भेटली की हसत आठवण काढायची.

आज ती हसत नव्हती. तिने भैरूच्या पोटावर पट्टी चिकटवली, तसा पडद्यावर आकडा उमटला. चाळीस. तोंडातला सूर काढायला सांगितला आणि दोन मिनिटं पाहिलं. स्नायू सैल पडले तरी आकडा हलेना, कारण आता तो ताण जाळी देत होती. भैरूचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"फुंका, काका, फुंका!" ती ओरडली.

मग माझ्याकडे वळली. "सर, जाळी आकसलीय. एक तर आत जंतू शिरलेत आणि मांस सुजलंय, किंवा ही चाळीस दिवसांत काहीतरी चुकीचं शिकलीय. दुसरं असेल तर कारण हवं. यांनी काही उचललं? ढकललं? काही व्यायाम?"

मी भैरूकडे पाहिलं. त्याच्या तोंडात सूर होता. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. नाही. काही नाही. फुंकता फुंकता त्याने मला पाठीशी घातलं.

"नक्की, सर?"

सुगंधा म्हणाली, "खाटंवरनं उठलं न्हाईत वो बाई. मी सोता बगितलंय."

चाळीस दिवस पथ्य पाळलं जाईल, अशी रुग्णालयाच्या कागदावर सही माझी होती. दारात भावजय, समोर विद्यार्थिनी, आणि जिभेवर ते एक वाक्य येईना.

"मग जंतूच," आयेशा म्हणाली. "कापून काढावी लागेल. भूलतज्ज्ञांना बोलवा. शस्त्रक्रियागृह तयार ठेवा."

"बाहेरून बंद नाही करता येत?" मी विचारलं.

"नाही, सर. चाळीस दिवसांनी ती आतून कुलूप लावते. बाहेरून कुणी माणसाच्या पोटात शिरून खोड्या करू नयेत म्हणून तसा कायदा आहे. तिच्याशी आता फक्त त्यांचं पोटच बोलू शकतं."

भूलतज्ज्ञ आले. तरुण गृहस्थ होते, भैरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता थोडा वेळच, काका. मग झोपायचं. स्नायू सैल करायचं औषध देतो, म्हणजे पोट उघडायला सोपं."

स्नायू सैल. मी मनात गणित मांडलं. स्नायू पूर्ण सैल पडले की सगळा ताण जाळी एकटी देणार. पूर्ण ताकदीने आवळणार. पोट उघडून रुजलेली जाळी सोडवायला पाऊण तास लागतो. पाच मिनिटांत भैरू गेला असता, आणि जाळी का आवळतेय ते या खोलीत फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं.

"थांबा," मी म्हणालो. "आयेशा, त्याने पस्तीस दिवस घागर फुंकलीय. रोज सहा तास. मी सांगितलं म्हणून."

आयेशाने पडद्यावरची नजर माझ्याकडे वळवली.

"घागर?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. किती खोल, किती वेळ, कधीपासून. तिने मधेच एक शब्दही बोलू दिला नाही कुणाला, आणि सगळं लिहून घेतलं. मग भूलतज्ज्ञांना म्हणाली, "औषध ठेवून द्या. ते दिलं असतं तर गेले असते."

सुगंधा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "म्या घागर कुटं गेली म्हून इचारलं, तर कल्हईला दिलीया म्हणालासा." तिने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती जाऊन नवऱ्यापाशी बसली आणि त्याच्या कपाळावरचा घाम पदराने टिपायला लागली.

"शिकली आहे तर विसरेल," आयेशा म्हणाली. "तिच्या कुलपाआड एवढी एक फट ठेवलीय. माणूस बारीक होतो, म्हातारा होतो, म्हणून जाळी पुढेही हळूहळू शिकत राहते. दहा मिनिटं एकसारखा थोडा कमी ताण मिळाला, तर ती तेवढी खाली उतरते. पण एकदम नाही. दोन सेंटिमीटर. मग पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा दोन. मधे खंड पडला तर ती परत वर. चाळीसवरून आठवर यायला सोळा पायऱ्या. तीन तास धरा. हे करू शकेल असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आणि हे तर दोन तास फुंकतच आहेत."

"तो करंल," मी म्हणालो. "पण सुराने नाही. फुंक कमी केली तर सुराची पत्ती बोलत नाही. पाण्यावर करावं लागेल. नळी जितकी खोल, तितकाच ताण; ना जास्त ना कमी. नळी वर घेतली की ताण आपोआप उतरतो."

आयेशाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण तिने मान हलवली. "सिस्टर, उंच पिंप आणा. आणि सलाईनची रुंद नळी."

नळी मी एका लांब पट्टीला चिकटपट्टीने बांधली. दर दोन सेंटिमीटरवर खुणा केल्या. भैरूने सूर बाजूला केला आणि त्याच दमात नळी तोंडात धरली. पिंपात बुडबुड सुरू झाली. पडद्यावर चाळीस.

"अडतीस," मी नळी वर घेत म्हणालो.

दहा मिनिटं. आकडा हलेना. मग जाळीने जणू विचार केला आणि अडतीसवर आली. सिस्टरने नकळत टाळी वाजवली.

छत्तीस. चौतीस. बत्तीसला भैरूला ठसका लागला. आकडा उसळून चव्वेचाळीसवर गेला आणि आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. पण ठसका क्षणाचा होता. जाळीने तो सोडून दिला. भैरूने नाकाने श्वास ओढला, गाल फुगवले आणि बुडबुड पुन्हा एकसारखी केली. त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. ओठांच्या कोपऱ्यातून रक्त यायला लागलं होतं. सुगंधा ते ओल्या फडक्याने पुसत होती. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसत आलो आणि त्याला फुंकताना कधी समोरून पाहिलंच नव्हतं.

अठ्ठावीस. चोवीस. बावीस.

मधल्या काळात आयेशाने पुढचंही सांगून ठेवलं. भैरूला ऐकू जात होतं, म्हणून तिने लपवाछपवी केली नाही. "आठवर आल्यावर एक पथ्य जन्मभर. नेहमीच्या दुपटीहून जास्त ताण दहा मिनिटांपेक्षा अधिक टिकला, तर ती पुन्हा नवं शिकायला लागेल आणि आजचाच प्रकार होईल. आठाची दुप्पट सोळा. सुराला चाळीस लागतो. तेव्हा काका, सूर बंद. कायमचा. पर्याय नाही."

भैरूने ऐकलं. त्याच्या डोळ्यांत काही दिसलं नाही.

विसावर आकडा स्थिरावला. मी पट्टी अठरावर घ्यायला हात पुढे केला, तर भैरूने माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने त्याने खुणेने कागद मागितला. फुंकता फुंकता वाकडंतिकडं लिहिलं.

"वीस. हितंच बास."

क्षणभर मला काही उमगेना. मग उमगलं. विसाची दुप्पट चाळीस. शाळेत गणितात तीनदा नापास झालेल्या माझ्या भावाने, अर्धमेल्या अवस्थेत, एवढा हिशोब केला होता. वीसवर थांबला तर सूर धरता येणार होता.

"काका, नाही!" आयेशा म्हणाली. "विसावर पोट सतत आवळलेलं राहील. आडवं झोपता येणार नाही. मूत्रपिंडं दोन वर्षंसुद्धा टिकणार नाहीत. ऐकताय ना?"

त्याने मान हलवली. ऐकलं होतं. मनगट सोडलं नाही.

"आवं, काय करताय ह्ये!" सुगंधा रडायलाच लागली. "काय करायचा त्यो सूर? मला तुमी पायजे!"

त्याने पुन्हा लिहिलं. या वेळी सावकाश. "सूर न्हाई तर मी काय करू."

हे त्याला शिकवलं कुणी? मीच. त्याला दुसरं काही येऊ शकतं, असं मी त्याला कधी वाटू दिलं नाही. लहानपणी त्याने माझी सनई उचलली की मी ती हिसकावून घ्यायचो. एकदा, माझं लग्न व्हायच्या आधी, मी तापाने पडलो होतो तेव्हा देवळात तो सनईवर बसला. मी घरी पडल्या पडल्या ऐकलं. चांगलं वाजवत होता. चांगलं म्हणजे माझ्यापेक्षा चांगलं. दुसऱ्या दिवशी ताप अंगात असताना मी उठून गेलो आणि त्याच्या हातात पुन्हा सूर दिला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

"आयेशा," मी विचारलं, "सनई वाजवताना ताण येतो, पण सलग नाही. दर दोन-तीन मिनिटांनी थांबता येतं, पोट सैल सोडता येतं. ते चालेल?"

तिने थोडा विचार केला. "दहा मिनिटांच्या आत पोट पूर्ण सैल पडत असेल तर जाळी ते धरणार नाही. हो. चालेल."

मी भैरूच्या समोर गुडघ्यांवर बसलो. एकसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी कुरकुर केली.

"भैरू, सनई तू वाजवायचीस. सूर मी धरतो."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याची थट्टा करतोय.

"थट्टा न्हाई रं. त्या तापात तू वाजवलीस ती मी ऐकली हुती. माझ्यापरास चांगली वाजवलीस. म्हून काढून घेतली तुझ्याकडनं."

पिंपात बुडबुड चालू होती. तेवढ्यातही त्याचा एक श्वास चुकला, मी पाहिलं. त्याने कागद ओढला. "तुला दम न्हाई."

खरंच होतं ते. मी खाटेवरचा सूर उचलला. त्याची पत्ती भैरूच्या रक्ताने ओली होती. ती न पुसताच तोंडाला लावली आणि फुंकलो. नाकाने श्वास घ्यायला गेलो आणि स्वर फाटला. पुन्हा लावला. वीस-पंचवीस सेकंद टिकला. पुन्हा फाटला. दारात परिचारिका जमल्या होत्या. आयेशाने दार लावून घेतलं. तिसऱ्यांदा लावला. मुलांना फुप्फुसाची आकृती काढून दाखवणारा मी, आणि मला माझंच फुप्फुस सापडत नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी आली. गाल फुगवले, नाकाने ओढलं, आणि या वेळी स्वर नुसताच थरथरला, तुटला नाही.

भैरूने माझ्याकडे बघत राहूनच पट्टीला हात घातला आणि स्वतः ती वर घेतली. अठरा.

मग मला थांबायची सोय राहिली नाही. माझा सूर तुटला की त्याचा हात थांबायचा. पुन्हा लागला की तो दहा मिनिटं मोजायचा आणि नळी वर घ्यायचा. सोळा. चौदा. ओठ बधिर झाले, कानशिलं ठणकायला लागली. तोंडात माझ्या रक्ताची चव कुठली आणि त्याच्या कुठली ते कळेना. असं हा माणूस रोज करत होता, आणि मी वर बसून घाम पुसत होतो. बारा. दहा. सुगंधाने दुसरं फडकं भिजवलं आणि माझ्याही तोंडाच्या कोपऱ्याला लावलं.

आठ.

भैरूने नळी पाण्यातून पूर्ण बाहेर काढली. पिंप गप्प झालं. आता काय होतं ते बघायचं होतं. सगळे पडद्याकडे बघत होते, मी एकटा त्याच्या पोटाकडे. एक मिनिट. दोन. सकाळी एवढ्याच वेळात ते आवळायला लागलं होतं. मला सूर सोडून ओरडावंसं वाटत होतं, पण सोडण्याची भीती जास्त होती. तीन मिनिटं. चार. पोट वर आलं, खाली गेलं. वर आलं, खाली गेलं. झोपलेल्या लहान मुलाचं होतं तसं. आयेशाने त्याच्यावर हात ठेवला आणि दाबून पाहिलं. मऊ होतं. तिने मान फिरवली आणि चष्मा काढून पुसायला लागली.

सुगंधाने भैरूचं डोकं छातीशी धरलं. तो सावकाश खाटेवर आडवा झाला. सहा तासांनंतर त्याचं तोंड मोकळं होतं, सुजलं होतं, आणि त्याला बोलायला जमेना. ओठ दोनदा हलले. सगळे वाकले.

"दादा," तो म्हणाला, "सूर उतरतोय तुझा. नीट धर."

मी नीट धरला.